कामाच्या टोकाला हळद

आमच्या साकोलीकडे तुळजापूरची देवी ओळखीची आहे ती तसबिरीतली. तिथे प्रत्यक्ष जाऊन आलेली आमच्या घरात मी पहिलीच, आणि तीही नवस फेडायला गेलेली नाही. सोन्याला वीज भरायला गेलेली. निघण्याआधी गावी फोन केला तर आई म्हणाली, "सोन्याले काहून करंट लावता वो? त्यानं का केलं तुमचं?" तिला फोनवर समजावणं मला जमलं नाही. परत आल्यावर शेजारणींना सांगायला बसले, तर तिसऱ्या वाक्याला त्यांचा कुकर झाला. म्हणून आता लिहूनच काढते. कागद मध्येच उठून जात नाही.

मी आठवीपर्यंत शिकले. पुण्यात एका प्रयोगशाळेत काचसामान धुते. सरांनी मला कामावर घेतलं तेव्हा चंचुपात्र आणि दुधाचं भांडं यांत मला फरक दिसत नव्हता. पहिल्याच आठवड्यात मी एक महागडी नळी फोडली, तर सरांनी काचा स्वतः गोळा केल्या, माझ्या हाताला लागेल म्हणून. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. सरांबद्दल पुढे जे येईल ते वाचताना वाचकांनीही ते विसरू नये.

आमच्याबरोबर तिसरी होती मृणाल. सरांच्या हाताखाली डॉक्टरेट करणारी मुलगी. तिची मुदत एकदा वाढवून मिळाली होती आणि आता पुन्हा वाढणार नव्हती. तिचा सगळा अभ्यास एका बाटलीत होता. बाटलीत काळपट चॉकलेटी पाणी, जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखं. ते सोनं. इतके बारीक कण की पिवळेपणाही त्यांच्या वाट्याला आला नाही. प्रत्येक कणावर तेलकट रेणूंचं आवरण, म्हणजे एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा होऊ नये. या कणांत वीज कशी शिरते ते मोजायचं होतं, आणि आमच्याकडचं मोजायचं यंत्र नेमकं जळालं. दुरुस्तीचा माणूस दर सोमवारी "उद्या येतो" म्हणत होता. आवरण फार दिवस टिकत नाही. कण गोळा झाले की मृणालचं सगळं पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून करायला तिच्याकडे वेळ नव्हता.

तेव्हा सरांना आठवलं की नळदुर्गच्या अलीकडे एका कॉलेजात अगदी तसंच यंत्र आलं आहे. प्राचार्य त्यांच्या ओळखीचे. फोन केला तर प्राचार्य म्हणाले, या की, यंत्र तयारच आहे, अजून कुणी हात लावलेला नाही. सरांना वाटलं, नवीन आहे म्हणून जपलंय. खरं म्हणजे ते खोक्यातून बाहेरच काढलेलं नव्हतं. उद्घाटनाला पाहुणा मिळत नव्हता. आता फुकटात तीन मिळाले.

तुळजापूर

बाटली कापसात, कापूस स्टीलच्या डब्यात आणि डबा पुण्यापासून माझ्या मांडीवर. मला झोप लागली नाही. सरांना लागली. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्र होतं.

सोलापूर सोडल्यावर जमीन काळी होत गेली. आमच्याकडे दर दोन गावांआड तलाव असतो, आणि त्यात आकाश पडलेलं असतं. इथे पाणी दिसत नाही, पण माती अशी काळीभोर की तीच ओली वाटते. सोयाबीन निघालेलं होतं. लोकांनी ते अर्ध्या रस्त्यावर वाळत घातलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यातून एसटी अगदी अदबीनं चालली होती. तुरीला पिवळी फुलं आली होती. डोंगरावर पवनचक्क्या, त्यांतल्या निम्म्या फिरत होत्या. बाकीच्या बघत होत्या.

तुळजापुरात लॉज, कुंकवाची दुकानं, कवड्यांच्या माळा, आणि "या, या, पूजा करायची का" असं विचारणारी माणसं. दसऱ्यानंतर देवी पौर्णिमेपर्यंत निजते अशी इथली रीत. मला ती फार आवडली. नऊ दिवस लढल्यावर बाईला निजू देतात, हे आमच्याकडे देवालाही मिळत नाही. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, देवी उठून आसनावर बसली होती, आणि गर्दी इतकी की महाद्वारातून मला माणसांच्या पाठीच दिसल्या. हातातला डबा पाहून एका पुजाऱ्यानं विचारलं, "नैवेद्य का ताई?"

"नाही, सोनं आहे," मी घाईत खरं बोलून गेले.

त्यानं झाकण उघडायला लावलं. कापसातली काळी बाटली पाहिली आणि खूप मायेनं म्हणाला, "कुणी फसवलं तुम्हाला?"

काळी-पिवळी

लॉजपासून कॉलेजला जायला काळी-पिवळी जीप. सर पुढे बसले, आम्ही दोघी मागे. जीप भरली. माझ्या हिशेबानं भरली. ड्रायव्हरच्या हिशेबानं अजून सुरुवात होती.

"सरका की मावशी. अजून एक मानूस बसतंय."

"कुठं बसतंय?" माझ्या शेजारची बाई म्हणाली. तिच्या मांडीवर कोथिंबिरीची जुडी होती, तिच्यावर माझा डबा आला होता.

"मन मोठं करा जरा."

"मन करते की. जीप कोन करनार?"

तो माणूस बसला. मग ड्रायव्हर आणखी एकाला घेऊन आला आणि या वेळी खांदा लावून त्यानं ढकललं. तोही बसला. पुढच्याला आणखी थोडा जोर.

मृणाल माझ्या बगलेतून म्हणाली, "कुंदाताई, हेच ते. माझा कण म्हणजे ही जीप."

तिनं हे मला आधी पुष्कळदा सांगितलं होतं, पण मांडी आखडल्यावर समजलं ते वेगळंच. सोन्याचं मोठं बिस्किट म्हणजे आठवडी बाजार. त्यात एक माणूस वाढला तर कुणाला पत्ता लागत नाही. पण कण एवढा लहान असला की त्यात विजेचा एकेक दाणा मोजून बसतो. आतला आधीच बसलेला नव्याला जागा देत नाही. म्हणून प्रत्येक नव्यासाठी बाहेरून जोर वाढवावा लागतो, आणि गंमत अशी की दर वेळी सारखाच वाढवावा लागतो. आपण जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एक आत बसला की पडद्यावरची रेघ थोडी उचलते. मग पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा एक लहान उंचवटा. गाडीच्या पत्र्यासारखं आवरण बाहेर असतं म्हणून आतले बाहेर सांडत नाहीत.

"म्हणजे उंचवटे दिसले पाहिजेत," मी म्हटलं.

"लहान. सारख्या अंतरावर. ते दिसले की माझं झालं."

"आणि नाही दिसले तर?"

"तर मी परत घरी, आणि बाबा म्हणणार, सांगत होतो." तिनं हे हसत सांगितलं, पण कोथिंबिरीवाल्या बाईनं तिच्याकडे वळून पाहिलं.

कॉलेज

फाटकापाशी आमचा सत्कार झाला. मला शाल मिळाली. मी डबा धरून होते, त्यामुळे शाल कुणीतरी डब्यालाच पांघरली. फोटोत माझ्यापेक्षा डब्याचा सत्कार चांगला आला आहे.

प्रयोगशाळेत फुगे लावले होते. ते सगळे जमिनीवर पडलेले. चौकशी केली तर समजलं, प्रयोगासाठी मागवलेल्या नायट्रोजनच्या सिलिंडरमधून भरले होते, उडतील म्हणून. ते उडेनात, तेव्हा प्राचार्यांनी पुरवठादाराला फोन करून गॅस जुना आहे अशी तक्रार केली होती. सरांनी हे ऐकून घेतलं आणि "हल्ली दर्जा राहिला नाही" असं म्हणाले. मृणाल सिलिंडरचा काटा बघत होती. थोडा उरला होता.

यंत्राला झेंडूचा हार. तिनं त्यातून वाट काढत तारा जोडल्या, काचेच्या लहान भांड्यात ते चॉकलेटी सोनं अर्धं ओतलं आणि इलेक्ट्रोड पॉलिश करून स्टँडला लावला. इलेक्ट्रोड म्हणजे बोटाएवढी कांडी आणि तिच्या टोकाला धातूची टिकली. सोन्याचा आणि विजेचा संबंध येतो तो फक्त त्या टिकलीवर. तिला श्वास लागला तरी मृणाल पुन्हा पुसते.

मग संस्थेचे अध्यक्ष आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. उंच, पांढरा सदरा, पुष्कळ जमीन, दारात तीन ट्रॅक्टर. बोलणं मऊ. मला त्यांनी पाहिल्याबरोबर विचारलं, "लांबनं आलाव जणू. पानी घेतलं का?" दिवसभरात हे विचारणारे ते पहिलेच. पुढे जे झालं ते त्यांनी वाईट मनानं केलं असं कुणी समजू नये. ते मन लावून केलं, हीच अडचण होती.

नारळ फोडला. हळद-कुंकवाचं ताट पुढे आलं. अण्णांनी यंत्राच्या खोक्यावर स्वस्तिक काढलं आणि थांबले.

"ह्याचं काम करनारं टोक कंचं?"

प्राचार्यांना उत्तर येत होतं. असा प्रसंग त्यांच्यावर बहुतेक क्वचित येत असावा. "हे, अण्णा. ह्याला इलेक्ट्रोड म्हणतात."

"मग आधी त्याला. आमी नांगराला फाळापाशी लावतो, विळ्याला धारंपाशी. नुसत्या खोक्याला लावून काय उपेग?"

आणि त्यांनी अंगठ्यानं, दाबून, त्या टिकलीवर हळद भरली. वर कुंकू.

"सर, त्याला नको," मृणाल म्हणाली. "सर."

सर म्हणाले, "असू दे. नंतर पूस."

तिनं लगेच कापूस उचलला. अण्णांनी तिचं मनगट हलकेच धरलं. "पुसायचं न्हाय पोरी. देवीच्या दारात पुसत न्हाईत. असंच चालू कर."

मृणालनं सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा चांगला होता.

हळदीसकट टोक सोन्यात बुडालं. अण्णांनी बटण दाबलं. पडद्यावर रेघ निघाली, सपाट चालली, आणि मग उठली. उठतच गेली. मोठा थोरला डोंगर, आमच्याकडच्या बोड्यांच्या, म्हणजे लहान तळ्यांच्या, बांधांना लाजवणारा, आणि पलीकडे उतार. टाळ्या. प्राचार्यांनी डोंगरासोबत फोटो काढला. एका वार्ताहरानं विचारलं, "म्हणजे सोनं चार्ज झालं का?" सर म्हणाले, "अपेक्षेपेक्षा उत्तम."

मृणाल माझ्या कानाशी म्हणाली, "एकच आहे, कुंदाताई. एकच, आणि एवढा मोठा. ही जीप नाही."

लॉजवरचा चहा

इथल्या चहात साखर हात राखून घालत नाहीत. घशाला गोडी चिकटते आणि बोलणं सुटत नाही. आम्हा तिघांच्या ते पथ्यावर पडलं असतं, पण मृणालनं चहा घेतलाच नाही.

"सर, तो डोंगर हळदीचा आहे. हळदीतला पिवळा रंग त्याच जागी वीज सोडतो."

"शक्यता आहे," सर म्हणाले. शक्यता आहे म्हणजे हो, हे मी त्यांच्याकडे काचा धुताना शिकले आहे.

"मग अण्णांना सांगा."

"काय सांगू? तुमची हळद मोजली म्हणून? त्यांनी यंत्र दिलंय, उद्या त्यांच्या गाडीनं नळदुर्गचा किल्ला दाखवणार आहेत. बातमी गेलीय."

"मी ते माझ्या प्रबंधात घालू?"

सरांनी चहाची साय बशीच्या कडेला लावली. "तुझी मुदत संपतेय. डोंगर तर आलाय. आत्ता हा घाल. पुढे यंत्र दुरुस्त झालं की बघू."

"तुम्हीच म्हणता, पुन्हा तसंच आलं नाही तर वहीत घ्यायचं नाही."

"म्हणतो ना. उत्तम परिस्थितीत म्हणतो." मग ते एकदम माझ्याकडे वळले. "कुंदाबाई, तुम्ही तिथे होता. टाळ्या वाजल्या की नाही?"

माझी नोकरी सरांच्या प्रकल्पावर आहे. प्रकल्प गेला तर मी साकोलीला, आणि तिथे मला कोण काचा देणार? पण बाटलीचा डबा माझ्याच मांडीवर होता, त्यात आता अर्धंच सोनं होतं, आणि मृणाल माझ्याकडे बघतही नव्हती. बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"वाजल्या, सर," मी म्हटलं. "डोंगर बघून वाजल्या. उंचवटे कुणी बघितलेच नाहीत."

सर म्हणाले, "उद्या मी किल्ल्यावर आहे. दिवसभर. तुम्ही दोघी काय करता ते मला माहीत नाही." आणि चहाचे पैसे द्यायला उठले. एवढं धाडस त्यांनी केलं हे मी उपकारांच्या बाजूला धरते.

अक्काचा ढाबा

सकाळी कॉलेजात जाऊन मृणालनं पहिलं काम केलं ते हळदीचं. दुसऱ्या इलेक्ट्रोडवर, सोन्याचा थेंबही नसलेल्या नुसत्या द्रावणात, पूजेच्या ताटातली चिमूटभर हळद. बटण दाबलं. डोंगर. कालचाच, त्याच जागी, तसाच उतार. तिनं तो जपून ठेवला आणि मला म्हणाली, "आता पुसा."

पुसणं म्हणजे असं. ओल्या मऊ कापडावर बारीक पांढरी पूड, तिच्यावर ती टिकली उभी धरायची आणि इंग्रजी आठचा आकडा गिरवत राहायचं, सारखा दाब, सारखा वेग. मी गिरवत राहिले. हळद जाते, पण जाताना किती माया लावते ते त्या दिवशी समजलं. मृणालनं बाटलीत राहिलेलं अर्धं सोनं स्वच्छ भांड्यात ओतलं आणि सिलिंडरमधला उरलेला नायट्रोजन त्यातून सोडला, त्यातली हवा हाकलायला. मग रेघ काढली.

डोंगर नव्हता. उंचवटेही नव्हते. रेघ नुसती थरथरत होती, कंगव्याच्या दातांसारखी. खिडकीबाहेर शेतात पाण्याच्या मोटारी चालू होत्या, दिवसाची वीज होती त्या आठवड्यात, आणि सगळ्या शिवाराची गुणगुण आमच्या तारांत शिरली होती. एवढ्या बारीक उंचवट्यांना ही गुणगुण पुरून उरते. भांड्याभोवती लोखंडी जाळीचा पिंजरा लागतो, मग बाहेरची वीज बाहेरच थांबते. मृणालनं प्राचार्यांना फोन केला. पिंजरा आहे, ते म्हणाले. निविदेत आहे.

ती डोकं धरून बसली. मी म्हटलं, आधी जेवू. मला घाबरल्यावर भूक लागते.

फाटकासमोरच हायवेवर ढाबा. मालकीण साठीची, कानडी मुलखातून सून होऊन आलेली, तिला सगळे अक्का म्हणतात. हैदराबादच्या ट्रकवाल्यांशी ती हिंदीत भांडते, गल्ल्यावरच्या मुलाशी मराठीत आणि चुलीशी कानडीत. तिनं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर, म्हणजे भाजून दळलेला मसाला, घातलेली आमटी वाढली. आमटीनं माझे डोळे आणि कान दोन्ही उघडले. भात मागितला तर ती म्हणाली, "बरं वाटत न्हाय का?" इथे भात आजाऱ्याला देतात. आमच्याकडे भाकरी मागितली असती तर हेच विचारलं असतं.

मृणाल जेवत नव्हती. ती अक्काच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. तिथे लोखंडी चौकटीचं, चारी बाजूंनी आणि वरून तारेची जाळी मारलेलं खुराडं होतं. आत कोंबड्या.

"अक्का, हे आम्हाला द्याल? संध्याकाळपर्यंत?"

"कोंबड्या व्हय? कापून देऊ का जित्त्या?"

"कोंबड्या नको. खुराडं."

अक्कानं आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी वयानं मोठी, म्हणून खुलासा माझ्याकडून हवा होता.

"त्यात सोनं ठेवायचंय," मी म्हटलं.

"सोनं लोकं तिजोरीत ठिवतेत. खुराड्यात कोंबडीच ठिवतेत." तिनं भाकरी थापत विचार केला. "अन् माझ्या कोंबड्या कुठं निजवू? तुमच्या लॉजात?"

मृणालनं मग सगळं सांगितलं. मुदत, मोटारी, गुणगुण. हळदीचंही सांगितलं. अक्का हळदीपाशी हसायला लागली ती भाकरी करपेपर्यंत.

"अण्णानं टोकालाच लावली व्हय? माझ्या मिक्सरच्या पात्यालाबी लावली होती त्यानं उद्घाटनाला. लई दिवस सगळं वाटण पिवळं." तिनं पदराला हात पुसले. "न्या. कोंबड्या डालग्याखाली घालते. पर दिवस बुडायच्या आत आना. मुंगूस हाय हितं."

खुराडं दोघींनी हायवे ओलांडून नेलं. ट्रकवाल्यांनी वाट दिली, हॉर्नही वाजवला. ते धुवायचं काम माझं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, जेवताना कुणी वाचत असेल. वास मात्र पुरता गेला नाही. मृणालनं खुराड्याला तार बांधून ती जमिनीतल्या अर्थिंगच्या सळईला जोडली, काचेचं भांडं आत ठेवलं, आणि बटण दाबलं.

रेघ निघाली. गुळगुळीत. मोटारी बाहेर चालूच होत्या, पण आत शिरत नव्हत्या.

आधी मला काहीच दिसलं नाही. मग मृणालनं पडद्याला नाक लावलं. एक जरासा फुगवटा, भाकरीवर येतो तेवढा. मग सपाट. मग तेवढ्याच अंतरावर दुसरा. मग तिसरा. ती बोटानं अंतरं मोजत होती.

"बसले," ती म्हणाली. "कुंदाताई, एकेक करून बसले."

त्याच दुपारी, पुन्हा कॉलेज

तेवढ्यात किल्ल्यावरची मंडळी परत आली. सर, प्राचार्य आणि अण्णा. जेवण चांगलं झालेलं दिसत होतं. सर पाणीमहालाचे फोटो दाखवत आत शिरले आणि खुराड्यापाशी थांबले. प्राचार्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय?"

"पिंजरा," मृणाल म्हणाली. "निविदेच्या आधीचा."

तिनं पडद्यावर दोन्ही रेघा शेजारीशेजारी लावल्या. कालचा डोंगर आणि सकाळचा, नुसत्या हळदीचा डोंगर. एकावर एक ठेवले तर एकच दिसत होता. मग खाली आत्ताची रेघ, लहान लहान उंचवट्यांची.

मला माझ्या हृदयाचा आवाज येत होता, आणि खुराड्याला अर्थिंग नसतं तर तोही रेघेत उतरला असता.

"सर, तुम्ही सांगता का मी सांगू?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. अण्णांकडे पाहिलं. मग उंचवट्यांकडे पाहिलं, आणि तिथे त्यांची नजर अडकली. ते जवळ गेले. ओठांतल्या ओठांत त्यांनीही अंतरं मोजली. त्यांचा चेहरा मी काचा धुताना रोज पाहते, पण हा पाहिला नव्हता.

"तू सांग," ते म्हणाले. "तुझं आहे."

हे मोठं मन होतं की पळवाट, ते मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही असावं. माणसाला एकाच दिवशी दोन्ही सुचू शकतं.

मृणालनं सांगितलं. अण्णांना उद्देशून, तुम्ही म्हणत, एकही शब्द न गाळता. काल जे दिसलं ते सोनं नव्हतं, अण्णा. तुम्ही लावलेली हळद होती. ही खाली दिसते ती सोन्याची रेघ. बातमी बदलावी लागेल.

अण्णा खुर्चीवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. प्राचार्य त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कुठला चेहरा करायचा ते ठरवायला.

"म्हंजे हळदीतबी करंट हाय," अण्णा म्हणाले.

"आहे," मृणाल म्हणाली.

"सोन्यापेक्षा जास्त हाय."

"रेघेवर तरी जास्त दिसतो."

"मग आपलं चुकलं कुठं? लावली ती बरोबरच लावली." ते प्राचार्यांकडे वळले. "बातमी ऱ्हाऊ द्या. खाली हळदीचं घाला. आपल्या भागात हळद पिकती का बघा कुणाकडं."

प्राचार्यांनी ते लगेच वहीत घेतलं. त्यांनी उंचवट्यांकडे एकदा पाहिलं आणि मृणालला समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, प्रामाणिकपणे सांगू का? कालचं जास्त चांगलं दिसत होतं."

मृणालनं मान हलवली. तिला वाद घालायला वेळ नव्हता. एकदाच आलेली रेघ वहीत जात नाही, ती पुन्हा तिथेच यायला हवी होती. नायट्रोजनचा काटा तळाला होता, भांड्यातलं द्रावण उडून चाललं होतं, आणि समोर अक्का ढाब्याच्या दारात उभी राहून उन्हाकडे बघत होती.

"सर, तेवढा सिलिंडरचा नळ धरा," मृणाल म्हणाली.

सरांनी धरला. मी काही न सांगता खुराड्याचं दार धरलं, कारण त्याची कडी लागत नव्हती. तिनं बटण दाबलं. रेघ सपाट निघाली, सपाटच चालली, मला वाटलं संपलं. मग पहिला उंचवटा आला, मघाच्याच जागी. मग तेवढ्याच अंतरावर दुसरा.